उत्पन्नाचा दाखला: सेतूतून काढावा की स्वतःच्या लॉगिनवरून?

नवं सरकार आलं की पहिल्या घोषणांत दाखल्यांचा विषय असतोच. २०१४ साली फडणवीसांचं सरकार आलं आणि पुढच्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा सगळ्या खात्यांना शंभर दिवसांचा कार्यक्रम मिळाला. फेब्रुवारीत मेटाशी करार होऊन ‘आपले सरकार’ पोर्टलच्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणायचंही ठरलं. ते मी वापरलेलं नाही, म्हणून इथे धरत नाही. घरात बारावीचं पोर असेल आणि उत्पन्नाचा किंवा डोमिसाइलचा दाखला हवा असेल, तर मला माहीत असलेल्या वाटा दोन: सेतू केंद्र किंवा पोर्टलवर स्वतःचं लॉगिन. मी दोन्ही वाटांनी दाखले काढलेत.

सेतूची बाजू लंगडी मुळीच नाही. तिथे बसणाऱ्या पोराला आपल्या तहसीलची नस माहीत असते. कुठले साहेब कुठला कागद चालवून घेतात आणि कशावर अडतात, हे कुठल्याही पोर्टलवर लिहिलेलं नसतं. शिवाय स्कॅनिंगचा ताप वाचतो. तो ताप खरा आहे. पोर्टलला फोटो ५ ते २० केबीच्या आतच लागतो आणि कागदपत्रं ७५ ते ५०० केबीमध्ये. कागद मोठा चालत नाही हे समजू शकतं, पण लहानही चालत नाही! २० केबीत कोंबलेल्या फोटोत माणूस ओळखू आला तर नशीब. त्यात प्रवेशांच्या दिवसांत संध्याकाळी साइट अशी रेंगाळते की पैसे भरताना धाकधूक होते. मी फॉर्म सकाळी लवकर भरतो, तेव्हा बरं चालतं असं मला तरी वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर २०२५ मध्ये केंद्रांचं शुल्क वाढलं. पण खरा फरक झेरॉक्स, फॉर्म आणि ‘स्टॅम्प घेऊन या’ यात पडतो. मार्च २०१५ मध्येच शासनानं प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असा निर्णय काढला होता. तरी मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळ्यांना पुन्हा सांगावं लागलं की विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी पाचशेचा स्टॅम्प नको. मधली दहा वर्षं लोकांनी स्टॅम्प घेतलेच ना! पोर्टलवर स्वयंघोषणापत्राचा नमुना मिळतो, तो सही करून जोडला की झालं. तलाठ्याचा अहवाल मात्र जिथे लागतो, तिथे दोन्ही वाटांनी लागतोच. २०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. गावात अजून कुणी म्हणत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझं ठरलं ती सांगतो. केंद्रातून अर्ज केला तेव्हा फॉर्ममध्ये मोबाईल नंबर केंद्रवाल्याचाच पडला. गर्दी असते, ओटीपी पटकन हवा असतो, म्हणून तो स्वतःचाच टाकून मोकळा होतो. अर्ज त्रुटी काढून परत आला, पण मेसेज गेला त्याच्या फोनवर. मी आपला ‘साहेबांच्या सहीला गेलाय’ हे ऐकत बसलो. शेवटी कळलं, रेशनकार्डाचं एक पान अस्पष्ट होतं, एवढंच. पोराच्या कॉलेजात मुदत संपत आलेली, आणि आपल्याच अर्जाचं काय झालं हे आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात जाऊन विचारावं लागतं, याचा मला फार राग आला. त्या पोराचा हेतू वाईट नव्हता, पण त्रास व्हायचा तो झालाच.

स्वतःच्या लॉगिनवर त्रुटी आली की आपल्याला दिसते. पान पुन्हा स्कॅन करून त्याच रात्री चढवता येतं. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक आपल्याकडे असतो, आणि लोकसेवा हक्क कायद्याचा सगळा जोर त्या क्रमांकावरच आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस. ती टळली तर खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, त्यानंतर सेवा हक्क आयोग. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. माझ्यावर अपिलाची वेळ आली नाही. तरी क्रमांक हाताशी असला की तहसीलच्या खिडकीवर बोलताना आवाज जरा वेगळा लागतो, हा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो.

उत्पन्न आणि डोमिसाइल मी आता घरूनच काढतो. जातीच्या दाखल्याचं मात्र सरसकट सांगवत नाही. तिथे आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या नोंदी, आडनावातला फरक असं बरंच निघतं, आणि अशा वेळी अनुभवी केंद्रवाला कामाला येतो. घरात स्कॅन करून देणारं कुणी नसेल तरीही केंद्रच बरं. फक्त खुर्चीवर बसल्या बसल्या आधी सांगा, ‘दादा, नंबर माझा टाका,’ आणि ओटीपी येईपर्यंत फोन हातात धरा.