जत्रेतला क्यूब की मॅग्नेटिक? किनाऱ्यावरच्या हवेत कोणता टिकतो

जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना मिळतो तो काळ्या प्लास्टिकचा, वर रंगीत स्टिकर लावलेला रुबिक क्यूब. ऑनलाइन चारशे-पाचशेच्या आसपास मिळतो तो स्टिकर नसलेला मॅग्नेटिक, म्हणजे आतल्या तुकड्यांत बारीक चुंबक बसवलेला. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्या मुलाला खरंच सोडवायला शिकायचं असेल, तर दुसराच घ्या.

खरा फरक पोटात असतो. मधोमध सहा फाट्यांचा कोअर, म्हणजे गाभा, आणि प्रत्येक फाट्यावर स्प्रिंग घालून बसवलेला एक सेंटर, म्हणजे त्या बाजूचा मधला तुकडा. बाकीचे १२ एज (दोन रंगांचे कडेचे तुकडे) आणि ८ कॉर्नर (तीन रंगांचे कोपऱ्याचे तुकडे) कशालाच जोडलेले नसतात. एकमेकांत पाय अडकवून उभे असतात. बुडापेस्टमध्ये शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांना १९७४ मध्ये सापडलेली युक्ती हीच. आपणच फिरवून विस्कटलेला क्यूब लावायला त्यांनाही महिनाभर लागला! १९८० मध्ये तो जगभर विकायला आला आणि वेड लागायला वेळ लागला नाही, कारण तो समजायला भाषा लागत नाही. चार वळणांत कुणीही बिघडवतो. जागेवर आणायचा तर शक्य रचना सुमारे ४३ पुढे १८ शून्यं, इतक्या. १९८२ मध्ये बुडापेस्टला क्यूब सोडवण्याच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाई २२.९५ सेकंदांत जिंकला. २०२३ मध्ये मॅक्स पार्कने तो ३.१३ सेकंदांत सोडवला. यात नव्या पद्धतींचा वाटा मोठा आहेच, पण सुधारलेल्या क्यूबचाही आहे.

रुबिक यांचा पहिला नमुना लाकडी होता. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर कितीही जीव असला तरी इथे लाकडाचा क्यूब नको. श्रावणात दारं फुगून अडकतात, तिथे इतके बारीक सांधे काय फिरणार?

जत्रेतल्या क्यूबमध्ये बहुतेकदा स्क्रूऐवजी रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली खीळ असते, म्हणजे घट्ट निघाला की कायमचा घट्ट. पावसाळ्यात स्टिकरची टोकं सुटतात, मुलं ती उचलून भलतीकडे चिकटवतात, आणि मग तो क्यूब कुणालाच सुटत नाही.

मॅग्नेटिकमध्ये सेंटरची टोपी नखाने उचकटली की स्क्रू दिसतो. सहाही स्क्रू सारखेच, एका वेळी पाव फेरा फिरवा. फार सैल केले तर कॉर्नर जागच्या जागी वळतो किंवा एज उडून बाहेर येतो. फार घट्ट केले तर मनगट भरून येतं. एक बाजू अर्धवट वळवून शेजारची फिरवून पाहा. न अडकता पुढे सरकली तर ताण बरोबर आहे.

फिरवताना कुरकुर आली तर स्प्रिंग गंजायला लागली असेल. स्क्रू काढून पुसा, स्प्रिंगला सिलिकॉन ल्यूबचा (वंगणाचा) एक थेंब द्या, आत दोन थेंब सोडा. खोबरेल नको, धूळ धरतं आणि चिकट होतं. किनाऱ्यावर खेळून वाळू शिरली असेल तर थांबा, तशीच फिरवत राहिलात तर आतल्या वाटा खरवडतात. एक थर ४५ अंश वळवा, त्यातला एज अंगठ्याने वर उचला. मग बाकीचे आपसूक निघतात. सुटे तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. कोअर धुवू नका, नुसता पुसा.

जोडताना सगळे रंग जुळलेल्या स्थितीतच जोडा. कसेही कोंबले तर १२ पैकी एकदाच तो सुटण्याजोगा निघतो. शेवटी एकच कॉर्नर वळलेला उरला तर चूक तुमच्या पायऱ्यांची नाही, जोडणीची आहे. तेवढा कॉर्नर हाताने वळवून घ्या.

मॅग्नेटिकची एक अडचण: अगदी लहान हातांना तो फार पळतो, वळण पुढे निसटतं. स्क्रू थोडे घट्ट ठेवले की जमतं. आणि कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी रंग पाहा: पांढऱ्यासमोर पिवळा, लालसमोर नारिंगी, निळ्यासमोर हिरवा. स्वस्त मालात ही मांडणी कधीकधी बदललेली असते, आणि मग व्हिडिओ पाहून शिकणारं मूल पहिल्या क्रॉसलाच, म्हणजे एका बाजूवर अधिकचं चिन्ह जुळवण्याच्या पायरीलाच अडकतं.