पोलर अलाइनमेंट: पोलर स्कोप, ड्रिफ्ट की तीन बिंदू?

पोलर अलाइनमेंट म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसतं तिकडे, रोखणं. इंदूरहून डीप स्काय (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) फोटोग्राफी करणाऱ्याने त्याची पद्धत निवडण्याआधी आपला अक्षांश ध्यानात घ्यावा. आपल्याकडे खगोलीय ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २२.७ अंशांवर आहे. युरोपातल्या बहुतेक व्हिडिओंमध्ये तो पन्नाशीच्या आसपास असतो, त्यामुळे तिथला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात उत्तरेच्या शेजाऱ्याने एक मजला चढवला की गच्चीवरून ध्रुवतारा गेलाच समजा. शहराबाहेर म्हणाल तर खंडवा रोडने चोरलकडे जाणारे आपल्यात बरेच, आणि तिथून इंदूर नेमकं उत्तरेला येतं. दक्षिणेचं आकाश सुरेख मिळतं, पण शहराचा सगळा उजेड ध्रुवाच्या खालीच साचलेला असतो.

अचूकता किती हवी, हेही आधी ठरवलेलं बरं. अलाइनमेंट एका आर्कमिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकली तर डेक्लिनेशनमध्ये (आकाशातल्या उत्तर-दक्षिण दिशेत) तारा मिनिटाला फार तर पाव आर्कसेकंद सरकतो; आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग. ४०० मिमीची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल सुमारे १.९ आर्कसेकंदांचा. म्हणजे गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सतत दुरुस्त करणं) असेल तर चार-पाच आर्कमिनिटांची चूकही खपून जाते. मात्र ध्रुवताऱ्यालाच ध्रुव मानून मोकळं झालं तर चूक सुमारे ३८ आर्कमिनिटांची होते आणि सरकणं मिनिटाला दहा आर्कसेकंदांच्या घरात जातं. गायडिंग तेही ओढून धरेल, पण फील्ड रोटेशन, म्हणजे चित्राचं हळूहळू गोल फिरणं, त्याच्या हातात नाही. गाइड तारा ठिपक्यासारखा राहतो आणि दूरच्या कोपऱ्यातले तारे त्याच्याभोवती कमानी काढतात.

पोलर स्कोपला, म्हणजे ध्रुवतारा बघून अक्ष जुळवायच्या माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीला, नावं ठेवण्याची माझी इच्छा नाही. लॅपटॉप नको, केबल नको, पाच मिनिटांत काम होतं. ट्रॅकरवर (कॅमेऱ्याच्या छोट्या माउंटवर) वाइड अँगल लेन्स लावून आकाशगंगा टिपायची असेल तर याच्या पुढे जायचं कारण नाही. आपल्या अक्षांशावर स्कोप बराच आडवा राहतो, त्यामुळे मानही अवघडत नाही. फक्त दोन गोष्टी तपासाव्यात. रेटिकल (स्कोपमधली आखलेली खूण) आरए अक्षाशी (ज्याभोवती माउंट ताऱ्यांमागे फिरतो) जुळलेलं आहे का, हे दिवसा दूरच्या टॉवरच्या टोकावर नेम धरून आणि अक्ष फिरवून बघावं. आणि ते कोणत्या सालासाठी आखलंय ते पाहावं, कारण २००० साली ध्रुवतारा ध्रुवापासून ४४ आर्कमिनिटांवर होता आणि आता तो बराच जवळ सरकलाय.

ड्रिफ्टची, म्हणजे तारा किती सरकतो ते बघून अक्ष जुळवण्याची, बाजू घेणारे अनुभवी लोक आमच्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मेरिडियनजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ), खगोलीय विषुववृत्तालगतचा तारा घेऊन अझिमथ (अक्षाची डावी-उजवी दिशा) नीट करायचा आणि मग पूर्वेचा किंवा पश्चिमेचा खालचा तारा घेऊन अल्टिट्यूड (अक्षाची उंची). फोटोत जे सरकणं दिसणार तेच इथे मोजलं जातं, मध्ये दुसरा कुठला हिशेब नाही. ध्रुवतारा दिसायचीही गरज नाही. पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख समोर असतो, त्यामुळे पूर्वीसारखं आयपीसला डोळा लावून बसावं लागत नाही. ज्यांच्या गच्चीवर पक्का पिअर (माउंटचा खांब) आहे, त्यांनी एकदा निवांत ड्रिफ्ट करून ठेवावं.

तिसरी पद्धत निना या फोटोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधल्या थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट या प्लगिनची. आरए फिरवून तीन ठिकाणी फोटो घेतले जातात, प्रत्येक फोटो प्लेट सॉल्व्ह होतो (ताऱ्यांवरून त्याची आकाशातली नेमकी जागा ओळखली जाते), आणि त्या तीन बिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र म्हणजे तुमच्या माउंटचा अक्ष. क्षितिजालगतचा भाग सोडला तर आकाशाचा कुठलाही मोकळा तुकडा चालतो. शार्पकॅप या सॉफ्टवेअरची सोयही सुरेख आहे, पण ती परवान्याच्या आवृत्तीत येते आणि तिला ध्रुवाजवळचं आकाश दिसावं लागतं. माझ्या गच्चीवरून तिथे शेजारची काळी टाकी दिसते.

पण माझा कौल टाकीमुळे ठरला नाही. तो ठरला बोल्ट आवळण्यामुळे.

माझ्या माउंटला अल्टिट्यूडसाठी समोरासमोर दोन बोल्ट आहेत. एक ढिला करायचा, दुसरा आत घ्यायचा, मग दोन्ही आवळून पक्के करायचे. या शेवटच्या आवळण्यात अक्ष हलतो. नेहमी हलतो, आणि माझ्याकडे तो दोन-तीन आर्कमिनिटांनी हलतो. अझिमथचे नॉब आणि ट्रायपॉडचा मधला बोल्ट घट्ट करतानाही थोडंबहुत हेच होतं. पोलर स्कोपमध्ये एवढी हालचाल डोळ्याला जाणवतच नाही, तारा रेघेच्या आत दिसतो म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. ड्रिफ्टमध्ये ती कळते, पण फार उशिरा. वीस मिनिटं आलेख सपाट करण्यात घालवायची, बोल्ट आवळायचे, आणि पुन्हा पाच-सात मिनिटं थांबायचं तेव्हा आलेख वाकू लागतो. पुन्हा ढिलं, पुन्हा थांबा. चोरलला अंधाराचे मोजके तास हाताशी असताना मला हे परवडत नाही.

तीन बिंदूंच्या पद्धतीत पहिलं मोजमाप झालं की कॅमेरा दोन-दोन सेकंदांचे एक्सपोजर घेत राहतो आणि स्क्रीनवरची चूक दर फोटोला बदलते. लॅपटॉप बोल्ट फिरवताना दिसेल असा ठेवायचा. अल्टिट्यूड अर्ध्या आर्कमिनिटावर आला, मी मागचा बोल्ट पाव फेरा आवळला, आकडा अडीचवर गेला. मग उलट्या बाजूला मुद्दाम दोन आर्कमिनिटं सोडून पुन्हा आवळायचं. बोल्ट घट्ट होता होता आकडा आपोआप जागेवर येतो. शेवटचा फेरा नेहमी वर उचलणाऱ्या दिशेने घ्यावा, म्हणजे दुर्बिणीचं वजन बोल्टवर टेकून राहतं. दोन्ही बोल्ट पक्के झाल्यावर जी चूक स्क्रीनवर दिसते, तीच खरी. बाकीच्या दोन पद्धतींत ही खात्री इतक्या लवकर मिळत नाही.

अर्थात आकडा शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नये. २२.७ अंशांवर वातावरणीय अपवर्तनामुळे ध्रुव सव्वादोन-अडीच आर्कमिनिटं वर उचललेला दिसतो; पन्नास अंशांवर हाच परिणाम एक आर्कमिनिटही भरत नाही. खरा ध्रुव धरायचा की दिसणारा, यावर मतं आहेत. मी एका आर्कमिनिटाच्या आत आलं की थांबतो, आणि ४०० मिमीवर पाच मिनिटांच्या गायडेड सबमध्ये (एकेका एक्सपोजरमध्ये) कोपरे मला गोलच मिळालेत. हजार मिमीच्या पुढे काम करणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं, त्याने ड्रिफ्टने एकदा पडताळून पाहावं.

निना आणि प्लगिन दोन्ही मोफत आहेत, पण विंडोज लॅपटॉप लागतो आणि त्याची बॅटरीही सांभाळावी लागते. गोटू (आपोआप ताऱ्याकडे वळण्याची सोय) नसलेल्या ट्रॅकरसाठी हाताने आरए फिरवायची सोय त्यात आहे. सॉल्व्हिंगला अॅस्टॅप हे सॉफ्टवेअर पुरतं आणि ते नेटशिवाय चालतं. मात्र त्याचा तारकांचा डेटाबेस घरूनच उतरवून घ्या, घाटात सिग्नलचा भरवसा नाही.