टेम्पो येणारच; मग पेव्हर ब्लॉक की ग्रॅनाइट?

बाजारपेठ पादचाऱ्यांची झाली तरी माल टेम्पोतूनच येणार. दिल्लीच्या चांदनी चौकातही मोटारबंदी फक्त सकाळी ९ ते रात्री ९ आहे; उरलेल्या वेळात गाड्या येतातच. म्हणून रस्त्यावर काय बसवायचं हे ठरवताना आधी गाड्यांचं वजन बघा, रंग नंतर.

ग्रॅनाइटची फरशी सहसा झिजत नाही. पण खाली पोकळी राहिली की मागच्या चाकाखाली कोपऱ्यात तडकते, आणि पावसात तिच्यावर पाय पडला की पचकन चिखल उडतो (पुणेकरांना सांगायला नको!). बदलायची तर तसाच दगड शोधत फिरा.

पेव्हर स्वस्त. खचला की उपसायचा, कच घालून पुन्हा ठोकायचा, बास. फक्त ६० मिमी जाडीचा नको, तो हलक्या वाहतुकीचा. ८० मिमी, एम-४० (ही काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) मागा. झिजल्यावर कळकट दिसतो, हे खरं.

रोज टेम्पो असतील तर पेव्हर. माल हातगाडीवरून आणणार असाल आणि खाली काँक्रीट घालायची तयारी असेल, तर ग्रॅनाइट.