बारोलो, बार्बेरा की कियांती? इटालियन रेड निवडण्याआधी

इटालियन रेड घ्यायला निघालात की पहिली अडचण लेबलावरच येते. एका बाटलीवर 'बारोलो' असतं, शेजारच्या बाटलीवर 'बार्बेरा द'आस्ती'. दोन्ही वाइन वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातल्या. पण बारोलो हे गावाचं नाव आणि बार्बेरा हे द्राक्षाचं. बारोलो ज्या द्राक्षापासून होते ते नेबिओलो. त्याचं नाव त्या बाटलीवर बहुधा सापडतच नाही. किमतीतला फरक बघून माणूस समजतो की महाग ती चांगली. माझं सांगणं असं की आधी दोन गोष्टी विचारा: तुरटपणा किती आणि आंबटपणा किती. जेवणासोबत बाटली रंगणार की जेवण बिघडवणार, ते बरंचसं इथेच ठरतं.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाची साल आणि बिया यांतून. जांभळं खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते, तेच हे. नेबिओलोत तो भरपूर असतो, पण रंग बघून पत्ता लागत नाही. पेल्यात ती फिकी, कडेला विटकरी झाक असलेली दिसते. वास घेतला की गुलाब, सुकवलेली चेरी आणि मागून चक्क डांबर. मग घोट घ्यावा तर हिरड्या आवळून येतात. हे द्राक्ष हट्टी आहे. कोंब लवकर फुटतात, पण पिकतं सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरात, पिएमोंतेतल्या लांगेच्या टेकड्यांवर धुकं उतरतं तेव्हा. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले, उन्हाचे उतार याच्यासाठी राखलेले असतात. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपांत. शेजारच्या बार्बारेस्को गावच्या, याच द्राक्षाच्या वाइनला २६ महिने पुरतात, त्यातले ९ पिंपात. बारोलोतही गावागावांत फरक आहे: ला मोरा गावाकडची तुलनेनं मऊ आणि सुगंधी, सेर्रालुंगाची कडक, आणखी काही वर्षं थांबायला लावणारी.

मी पहिली बारोलो घरी तांबड्या रश्श्यासोबत उघडली होती. ते करू नका. तिखटानं तुरटपणा दुप्पट झाल्यासारखा वाटला आणि गुलाबाचा वास मसाल्यात हरवला. ही वाइन हळू शिजवलेल्या, चरबीच्या, कमी तिखट मांसाची आहे. तिच्या गावी ती वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेल्या गोमांसासोबत घेतात. नेबिओलोची ओळख करून घ्यायची असेल तर 'लांगे नेबिओलो' लिहिलेली बाटली घ्या. तेच द्राक्ष, मुरवण कमी, किंमतही कमी.

आता बार्बेरा. मला हिच्याबद्दल अधिक बोलावंसं वाटतं, कारण हिला कायम दुसरी पंगत मिळाली. नेबिओलोला चांगले उतार गेले, उरले ते हिला. पण ती भरपूर पिकते, रंग गडद जांभळा, तुरटपणा अगदी कमी आणि आंबटपणा खणखणीत. पिएमोंतेत रोजच्या जेवणाची वाइन म्हणजे हीच. १९८६ साली स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्यानं वीसहून जास्त माणसं मेली आणि त्यात बार्बेराचं नाव फार खराब झालं. त्याच सुमारास जाकोमो बोलोन्या या वाइनकर्त्यानं बार्बेरा लहान फ्रेंच ओक पिंपांत मुरवून दाखवली. लाकडानं तिला नसलेला थोडा तुरटपणा दिला आणि लोक तिच्याकडे आदरानं पाहू लागले. त्यामुळे आज बार्बेरा दोन तऱ्हांची मिळते: ताजी, चेरीच्या चवीची, आणि ओकमध्ये मुरलेली, भारदस्त. मसालेदार मटणासोबत पहिली घ्या. आमसुलाचं सार जेवणात जे काम करतं, तेच तिचा आंबटपणा करतो. प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ.

दोघींच्या मधे बसते सांजोव्हेझे, मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांताचं द्राक्ष. कियांती होते ती मुख्यतः याचीच. आंबटपणा चांगला, तुरटपणा मध्यम, चव आंबट चेरीची आणि सुकलेल्या वनस्पतींची. टोमॅटोच्या पदार्थांना याहून चांगली जोड मला माहीत नाही. नुसती 'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' यांत गल्लत करू नका. क्लासिको म्हणजे फिरेन्झे (फ्लॉरेन्स) आणि सिएना या शहरांमधला जुना प्रदेश. त्याची पहिली हद्द १७१६ साली तोस्कानाचा शासक तिसरा कोसिमो मेदिची यानं आखून दिली. बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि आत किमान ८० टक्के सांजोव्हेझे. तोस्कानातल्याच मोंतालचिनो गावची ब्रुनेल्लो तर शंभर टक्के सांजोव्हेझे, पण ती तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी बाजारात येते आणि तशीच महागही असते. त्याच गावची 'रोस्सो' एका वर्षात येते. रोजच्यासाठी मी तीच घेईन.

एक फसवं नाव लक्षात ठेवा: मोंतेपुल्चानो. तोस्कानातल्या त्या गावची 'व्हिनो नोबिले' मुख्यतः सांजोव्हेझेची असते. मोंतेपुल्चानो नावाचं द्राक्ष मात्र आब्रुत्सो प्रांतात पिकतं, त्याची वाइन गडद, भरदार आणि सहसा स्वस्त.

दक्षिणेकडे ऊन वाढतं तशी वाइन जड होते. पुल्याची प्रिमितिव्हो पिकलेल्या, जवळजवळ मुरांब्यासारख्या चवीची, अल्कोहोल बरेचदा १४ टक्क्यांच्या वर. डीएनए तपासणीत ती आणि कॅलिफोर्नियाची झिनफांडेल एकच ठरली, म्हणजे नाशिकची झिनफांडेल ज्यांनी घेतली आहे त्यांना हे द्राक्ष आधीच भेटलेलं आहे. मऊ असली तरी तिखटासोबत तिचं अल्कोहोल जाळतं. सिसिलीची नेरो द'आव्होला त्या मानानं सोसवते. काम्पानियाची आल्यानिको नेबिओलोइतकीच कडक. नवख्यानं तिच्यापासून सुरुवात करू नये.

सांजोव्हेझे आवडेल की नाही याची खात्री नसेल तर आयात बाटलीवर पैसे घालण्याआधी अकलूजची चाखा. सोलापूर जिल्ह्यात फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं हे द्राक्ष लावलंय. चव तोस्कानाइतकी धारदार नाही, अधिक पिकलेली आहे, पण वळण ओळखू येतं.

आणि कुठलीही घ्या, आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीत थेट उघडू नका. रेडला १६ ते १८ अंश लागतात. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. ताज्या बार्बेराला थोडा जास्त वेळ दिला तरी चालेल.