लेफ्ट हँड ड्रिल बिट आणि एक्स्ट्रॅक्टरचा डबा: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

तुटलेला बोल्ट काढायचा जो डबा मिळतो ना, ज्यात उलटे फिरणारे ड्रिल बिट आणि सोबत एक्स्ट्रॅक्टर (बोल्टमध्ये पाडलेल्या भोकात ठोकून बोल्ट फिरवायचे कडक दांडे) असतात, तो आम्ही शिमग्याच्या सुमारास घेतला. तेव्हापासून तो गॅरेजमध्ये जवळपास रोज हातात आहे, मधे अख्खा पावसाळा गेला, आता चतुर्थीही झाली, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं. आधी निकाल सांगतो मग बाकीचं. डबा बिटांसाठी घ्या. एक्स्ट्रॅक्टर सोबत येतात तर येऊ देत, पण त्यांच्या भरवशावर बोल्टला हात घालू नका. जाहिरातीत मात्र उलटं दाखवतात, एक्स्ट्रॅक्टर घातला, फिरवला, बोल्ट बाहेर.

आमचं गॅरेज गोव्यात उसगावला, काम बहुतेक टिपर आणि ट्रकचं, त्यातही सस्पेन्शन जास्त. आपल्याकडे बोल्ट तुटतात त्याला कारणं आहेत. एक तर समुद्राची खारी हवा, वर चार महिने पाऊस, आणि चिऱ्याची तांबडी माती जी ब्रॅकेटच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि ओली राहते, पाऊस थांबला तरी आत ओल असतेच. दुसरं म्हणजे खाणीच्या गाड्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या, तेव्हा ज्या गाड्या लोकांनी दारात उभ्या केल्या त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. चालत्या गाडीची कमान (पाट्यांची स्प्रिंग) हलते, पिनला ग्रीस जातं, उभ्या गाडीला काहीच नाही. मग ती गाडी कुणीतरी विकत घेतो, चिरे नाहीतर रेती भरायला लावतो, आणि पाटे बदलायला आमच्याकडे आणतो. त्या गाडीचा एकही बोल्ट सरळ सुटत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो आट्यांच्या मधे फुगून बसलेला असतो, तुम्ही पाना लावून जोर केला की आटे सुटायच्या आधी बोल्टची मान जाते.

आता डब्याबद्दल. मी ब्रँड सांगत बसत नाही कारण एकाच कारखान्याचा माल वेगवेगळ्या नावाने विकतात असं मला वाटतं, तुम्ही बिटवर काय कोरलंय ते बघा. एम ३५ किंवा एचएसएस-सीओ ५ असं असेल तर ते हाय स्पीड स्टील (एचएसएस) आहे आणि त्यात ५ टक्के कोबाल्ट आहे, तो बिट गरम झाला तरी धार टिकते. नुसतं एचएसएस असेल तर साध्या ८.८ ग्रेडच्या (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा, मोठा तितका बोल्ट कडक) बोल्टला चालून जातो पण १०.९ चा बोल्ट आला की थोड्या वेळात शेंडा निळा पडतो आणि मग तो घासतो, कापत नाही. आणि सोनेरी रंग बघून भुलू नका, तो टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो, आतलं लोखंड साधंच असू शकतं, एकदा धार लावली की शेंड्यावरचा थर गेलाच.

लेफ्ट हँड बिट का, तर गोष्ट सोपी आहे. साधा बिट फिरतो तो बोल्ट घट्ट करायच्या दिशेला. म्हणजे तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडताना तुम्ही त्याला अजून आत ढकलत असता. उलटा बिट फिरतो सोडायच्या दिशेला, त्यामुळे भोक पाडता पाडता बिट कुठेतरी अडकला की तोच झटका बोल्टला सोडवायच्या कामी येतो, शिवाय ड्रिलिंगची उष्णता आणि कंप आहेच. आमच्याकडे या महिन्यांत जे तुटके बोल्ट निघाले त्यातले बरेचसे एक्स्ट्रॅक्टरची वेळ यायच्या आधी बिटावरच फिरत बाहेर आले.

एक काम नीट सांगतो म्हणजे कळेल. सहाचाकी टिपर, मागच्या कमानीची पिन बदलायची होती. ही पिन ब्रॅकेटमध्ये आडव्या लॉक बोल्टने आवळलेली असते, १२ मिमीचा बोल्ट, १.७५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत), ब्रॅकेटच्या एका कानातून मोकळा जातो, पिनच्या खाचेतून पुढे सरकतो आणि पलीकडच्या कानात आटे आहेत तिथे बसतो. गोटी (सॉकेट) लावली, जरा जोर दिला, डोकं हातात. तुटला तो नेमका पलीकडच्या कानाच्या पहिल्या आट्यावर, म्हणजे बाहेरून काहीच धरायला नाही. तुटलेलं तोंड बॅटरी लावून बघितलं तर अर्ध्याहून जास्त भाग काळपट तांबडा आणि उरलेली एक चंद्रकोर चकचकीत, दाणेदार. म्हणजे चीर जुनी होती, पाणी आत जाऊन गंजली होती, त्या दिवशी फक्त उरलेला तुकडा तुटला. हे तोंड बघायची सवय लावून घ्या कारण त्यावरून कळतं की शेजारचे बोल्ट पण याच वाटेवर आहेत का. आम्ही दुसऱ्या बाजूच्या पिनचा लॉक बोल्ट तेव्हाच बदलायचं ठरवलं आणि तो काढला तर त्यालाही तिथेच चीर.

मागून साधा बिट लावला असता तरी चाललं असतं, कारण मागच्या बाजूने बघितलं तर साध्या बिटाची दिशा हीच बोल्ट पुढे सोडायची दिशा होते, भोक आरपार असेल तर हे लक्षात ठेवा, फुकटचा फायदा आहे. पण इथे मागे चासी आडवी, ड्रिल मशीन शिरतच नव्हतं. म्हणून पुढूनच.

आदल्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं, सकाळी परत. मधे मधे ब्रॅकेटवर हातोडीने टकटक, बोल्टवर नव्हे, ब्रॅकेटवर, जोरात नाही पण बराच वेळ, त्याने तेल आत उतरतं. मग तेल पुसून घेतलं आणि गॅसने कानाला शेक दिला. इथे दोन गोष्टी अगदी पोटतिडकीने सांगतो. ज्योत पाट्यांवर पडू देऊ नका. कमानीचे पाटे पाणी देऊन कडक केलेले असतात, त्यांना शेक लागला की तिथला ताव उतरतो आणि काही महिन्यांनी पाटा तिथेच तुटतो, तोसुद्धा बहुतेक भरलेल्या गाडीत, अनमोडच्या नाहीतर चोर्ल्याच्या घाटात. वेल्डिंगचा शिंतोडा पडला तरी तीच कथा, म्हणून आम्ही पाट्यांवर ओलं गोणपाट टाकतो. आणि दुसरं, तापलेल्या ब्रॅकेटवर पाणी मारायचं नाही, तो ओतीव असतो, तडा जाऊ शकतो. पिनमधलं जुनं ग्रीस पेटतं हेही डोक्यात ठेवा, वाळूची बादली जवळ असू दे.

शेक दिल्यावर थोडं निवलं की मेणबत्ती. होय, साधी मेणबत्ती. गरम आट्यांच्या कडेला टेकवली की मेण पातळ होऊन फटीत ओढलं जातं. आमच्या मेस्तांची ही जुनी पद्धत, मी आधी मानत नव्हतो, आता प्रत्येक वेळी करतो.

मग सर्वात महत्त्वाचं, मध्य. तुटकं तोंड तिरकं असतं, त्यावर बिट टेकवला की घसरतो, भोक कडेला जातं आणि आटे खातं, मग ब्रॅकेटच बदला. आम्ही पेन्सिल ग्राइंडरने तोंड जमेल तेवढं सपाट केलं आणि लेथवाल्याकडून एक छोटी बुश (नळी) करून आणली, बाहेरून पुढच्या कानाच्या मोकळ्या भोकात जेमतेम सरकेल अशी आणि आतून ५ मिमीचं भोक. ती बुश भोकात सरकवली की बिटाला जायला एकच जागा उरते, बरोबर मध्यावर. डब्यात अशा बुश येत नाहीत आणि खरं सांगतो, यायला हव्यात, हा या डब्याचा सगळ्यात मोठा तोटा. लेथवाल्याला करायला काही वेळ लागत नाही, आम्ही आता १०, १२, १४ आणि १६ मिमीच्या बोल्टसाठी करून ठेवल्यात.

मशीन रिव्हर्सला, स्पीड कमी, कटिंग ऑइल सतत, आणि दाब भरपूर. लोक उलटं करतात, स्पीड जास्त आणि दाब कमी, त्याने लोखंड कापलं जात नाही, तापून अजून कडक होतं. लांब चुरा निघत राहिला पाहिजे, पीठ निघायला लागलं तर थांबा, धार गेली. मशीनला बाजूची मूठ लावाच, बिट अडकला की मशीन हाताला जबरदस्त हिसका देतं, मनगट जाईल. ५ नंतर ६.५, मग ८. ८ चा बिट अर्ध्यावर गेला आणि एकदम मशीनचा आवाज बदलला, चुरा यायचा बंद झाला, बिट फिरतोय पण पुढे जात नाही. म्हणजे बोल्टचा तुकडा बिटासोबत फिरायला लागला होता. तसाच हळू फिरवत तो मोकळ्या भोकातून पुढे आणला, आटे सगळे शाबूत. नंतर १२ गुणिले १.७५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून गंज साफ केला, एवढंच. बिटावर नसता सुटला तर १०.२ पर्यंत मोठं करत गेलो असतो, ते या आट्यांचं टॅप ड्रिलचं माप आहे, त्या मापाला बोल्टची फक्त आट्यांची गुंडाळी उरते आणि ती चिमट्याने ओढून काढता येते. पण त्यासाठी मध्य अचूक असायला हवा, म्हणून परत तेच, बुश.

आता एक्स्ट्रॅक्टर. डब्यात पिळाचे निमुळते आले आहेत. ते भोकात ठोकून फिरवले की जितका जोर तितके आत रुततात, आणि रुतताना बोल्टच्या पातळ झालेल्या भिंती बाहेर फाकवतात, म्हणजे गंजलेला बोल्ट अजून घट्ट. आणि हे इतके कडक असतात की वाकत नाहीत, सरळ तुटतात. एकदा आत तुटला की संपलं, कारण तो तुमच्या बिटाइतकाच नाहीतर जास्तच कडक, बिट त्यावरून घसरतो. पावसात एक टेम्पो आला होता, शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या ब्रॅकेटमध्ये आधीच्या ठिकाणी एक्स्ट्रॅक्टर तोडून ठेवलेला, गाडीमालक बिचारा रोज भाडं बुडवून हिंडत होता. त्या कामात आमच्या डब्याचा काही उपयोग नव्हता, ब्रॅकेट काढून वेर्ण्याला स्पार्क इरोजनवर दिला तेव्हा ते सुटलं. ते मशीन विजेच्या ठिणग्यांनी धातू खात जातं, कडकपणाचा त्याला फरक पडत नाही. एक्स्ट्रॅक्टर वापरायचाच तर जो बोल्ट गंजलेला नाही, नुसता जास्त आवळून तुटलाय, अशालाच, किंवा सरळ धारांचे मिळतात ते घ्या, ते भिंती कमी फाकवतात.

आणि प्रत्येक तुटक्या बोल्टला ड्रिल लागतच नाही. बोल्टचं टोक बाहेर आलेलं असेल किंवा तोंडाशी समपातळीत असेल, आणि १० मिमीच्या वरचा असेल, तर पहिला उपाय नट वेल्ड करणं. बोल्टवर वॉशर, त्यावर नट, आणि नटच्या आतून भरत यायचं. वेल्डची उष्णता थेट बोल्टमध्ये जाते, निवताना तो आकसतो आणि गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर पाना लावा आणि एकदम सोडायला जाऊ नका, थोडं पुढे थोडं मागे. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावा, तिसरा लावा, प्रत्येक वेळच्या शेकाने बोल्ट ढिला होतो. मात्र नव्या बीएस ६ गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची तार काढा आणि वेल्डिंगची अर्थिंगची तार वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर ईसीयू (गाडीचा कंप्युटर) आणि एबीएसच्या (ब्रेकच्या) सेन्सरचं बिल त्या बोल्टच्या कैक पट येईल. शॉकच्या अंगाला शेक तर अजिबातच नको, आत तेल आणि बऱ्याचदा गॅस असतो.

खाली शिरण्याबद्दल एकच ओळ, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), चाकांना ठोकळे, कमानीवरचा भार उतरवलेला, आणि टिपरची बॉडी वर असेल तर तिला टेकू. जॅकवर विसंबून कुणी खाली जात असेल तर त्याला बाहेर ओढा.

परत बसवताना नवा बोल्ट त्याच ग्रेडचा, आट्यांना कॉपरचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस), पातळ थर. एवढं ध्यानात असू दे की अँटी-सीझ लावल्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळे कोरड्या बोल्टचा टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) तसाच दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कंपनीने तेलकट आट्यांचा आकडा दिला असेल तो घ्या नाहीतर कमी करा. इम्पॅक्ट गनने आवळून सोडून देऊ नका, शेवट टॉर्क पान्यानेच. यू बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे) काढले असतील तर ते परत वापरू नका, नवेच घाला, आणि थोडे दिवस गाडी भरून चालल्यावर परत आवळायला बोलवा. त्या टिपरला आम्ही तसं बोलावलं होतं, आणि पाऊस ओसरल्यावर ग्रीसिंगला आला तेव्हा मुद्दाम दोन्ही लॉक बोल्ट सोडून बघितले. साध्या पान्याने सुटले, आट्यांत तांबडं काही नाही, नुसतं कॉपरचं मळकट ग्रीस.

बिटांची झीज विचाराल तर ८ आणि ६.५ अजून चांगले आहेत, दोनदा धार लावली. धार लावणाऱ्याला आधी सांगा की बिट उलटा आहे, सवयीने तो साध्या बिटासारखा कोन देतो आणि मग बिट काहीच कापत नाही. ३ चा मोडला, तो मोडतोच, बारीक बिट तिरका धरला की गेला, आम्ही आता थेट ५ पासून सुरू करतो. सुटे लेफ्ट हँड बिट फोंड्याला शोधून मिळाले नाहीत, ऑनलाइनच मागवावे लागले, तर डबा घेताना ५ आणि ६.५ चे दोन-दोन जादा मागवून ठेवा.