खात्यात पैसे दिसले, पण चेक वटलाच नव्हता

ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरपासून दहा मिनिटांवर आमचा एक बेडरूमचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट आहे. २०२१ मध्ये घेतला, तेव्हा कोविडमुळे ट्रॅव्हल नर्सना प्रचंड मागणी होती. या नर्स साधारण १३ आठवड्यांच्या करारावर दुसऱ्या राज्यांतून येतात. त्यांना फर्निचर, भांडीकुंडी, इंटरनेट असं सगळं लावलेलं घर हवं असतं आणि त्यासाठी त्या नेहमीपेक्षा जास्त भाडं देतात. आमची पहिली दोन वर्षं छान गेली. मग मागणी ओसरली. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत घर सात आठवडे रिकामं होतं. कर्जाचा हप्ता, इमारतीच्या असोसिएशनची फी आणि टेक्सासचा मालमत्ता कर यांतलं काहीच थांबत नव्हतं. त्या काळजीत मी फसले. आमच्या मराठी मंडळातली दोन-तीन कुटुंबं असं घर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एका बाईंचा ईमेल आला. नर्स आहे, तीन महिन्यांचं काम मिळालंय, घर फोटो पाहूनच पसंत आहे. मी नाव आणि लायसन्स नंबर मागितला आणि नर्सिस (Nursys) या सरकारी नोंदींच्या मोफत संकेतस्थळावर तपासला. लायसन्स खरं निघालं, चालूही होतं. तिथेच माझा संशय संपला. आज कळतं की ही नोंद कुणालाही बघता येते, त्यामुळे खऱ्या नर्सचं नाव उचलणं अगदी सोपं आहे. लायसन्स खरं होतं, पण ईमेल लिहिणारी व्यक्ती तीच आहे हे मी कुठे तपासलं होतं? व्हिडिओ कॉलचं विचारलं की रात्रपाळी आहे, नंतर बोलू, असं उत्तर यायचं.

भाडं २,१०० डॉलर, अनामत ८००. म्हणजे २,९०० यायला हवे होते. कुरियरने कॅशियर्स चेक आला तो ५,४०० चा. सोबत निरोप: नर्स पुरवणाऱ्या एजन्सीने सामान वाहणाऱ्याचे पैसेही त्यातच घातलेत, तुमचे ठेवून उरलेले २,५०० त्याला झेलने (Zelle, बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय) पाठवा. फर्निचरसकट घर घेणारीला सामान वाहायला माणूस कशाला लागतो, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला होता. तिने सांगितलं, आईची खास खाट आणि गाडी आणायची आहे. आईचं नाव निघालं आणि मी पुढे काही विचारलं नाही.

आपल्याकडची माणसं इथे का अडकतात ते नीट समजून घ्या. कॅशियर्स चेक म्हणजे बँकेने स्वतःवर काढलेला चेक. माझ्या डोक्यात तो म्हणजे आपला डिमांड ड्राफ्ट. कॉलेजच्या प्रवेशापासून ड्राफ्ट म्हणजे रोख, हेच आपण शिकलो. शिवाय भारतात चेक वटल्याशिवाय बँक पैसे काढू देत नाही. अमेरिकेत तसं नाही. असा चेक खिडकीवर भरला की नियमाप्रमाणे बँक पैसे बहुधा दुसऱ्याच दिवशी वापरायला देते, चेक खरा आहे की खोटा हे ठरायच्या आधी. ते ठरायला कधीकधी कित्येक आठवडे लागतात, आणि चेक खोटा निघाला तर भरणारा जबाबदार. हे मला वीस वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खात्यात ५,४०० दिसले. मी २,५०० पाठवले. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका नर्सने घराबद्दल विचारलं, तिला मी नाही म्हणाले. नवव्या दिवशी बँकेचा फोन आला: चेक बनावट. पूर्ण ५,४०० वळते झाले, वर दंड. झेलने गेलेले पैसे मी स्वतः पाठवले होते, म्हणून परत मिळाले नाहीत. पोलीस, एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) आणि एफबीआयचं इंटरनेट तक्रार केंद्र, तिन्हीकडे तक्रार केली. एक डॉलरही आलेला नाही. तरी तक्रार कराच, आणि पहिल्या तासात बँकेला फोन करा.

आता मी ठरल्या रकमेपेक्षा जास्तीचा चेक घेतच नाही, आला तर बँकेत न भरता बाजूला ठेवते. ज्या बँकेच्या नावाचा चेक आहे तिला फोन करते, तोही चेकवर छापलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधलेल्या नंबरवर. आणि त्या बाईशी झालेला जुना पत्रव्यवहार पुन्हा वाचते. तिने घराबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. सध्या राहते ती नर्स पहिल्याच फोनवर म्हणाली, रात्रपाळीनंतर दिवसा झोपायला खिडक्यांना जाड, अंधार करणारे पडदे आहेत का? आणि पहाटे गाडी लावायला जागा कुठे मिळेल?