तापल्यावर बंद पडणारे इंजिन आणि साताऱ्यातील एक गॅरेज
माझ्या २००६ सालच्या पेट्रोल मोटारीचे इंजिन यवतेश्वरचा घाट चढताना अचानक बंद पडे आणि अर्ध्या तासाने, काहीच न घडल्यासारखे, पुन्हा सुरू होई. इतरत्र इंधनपंप आणि प्लग बदलून झाले, पण दोष तसाच राहिला. पोवई नाक्याजवळच्या या गॅरेजमधील मिस्त्रींनी एकही भाग बदलण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा बंद पडते हे बारकाईने विचारले, प्रेशर गेज आणि स्कॅनर जोडून ते स्वतः माझ्यासोबत घाटात आले आणि इंजिन बंद पडताच त्यांनी स्टार्टर मारून पाहिला. इंधनाचा दाब योग्य होता; मात्र इंजिन फिरत असूनही स्कॅनरवर फेरे शून्यच दिसत होते आणि प्लगला ठिणगी येत नव्हती. तापल्यावर क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आहे का हे टिपणाऱ्या भागाच्या, आतील तारेचे वेटोळे तुटक होई, त्यामुळे इंजिन फिरत असल्याचा संकेतच ईसीएमला, म्हणजे ठिणगी नियंत्रित करणाऱ्या इंजिनाच्या संगणकाला, मिळत नसे. वायरिंग तपासून खात्री झाल्यावरच त्यांनी सेन्सर बदलला आणि जुना माझ्या हाती दिला. तपासणीला दोन दिवस लागले, हे घाई असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मला मात्र हा संयमच फार मोलाचा वाटला. त्यानंतर तीन महिन्यांत गाडी एकदाही बंद पडलेली नाही.